मशीनला शनिवारचं तेल

आमच्या संतपुरात शिवायची मशीन आली तेव्हा ती बघायला सात गावांची माणसं लोटली होती. त्यातलं एक गाव तर तेव्हा अजून वसलंही नव्हतं, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. पण तो पुढं वकील झाला, त्याला पुरावा लागतो. मला लागत नाही. मी तिथं होते. गाडी दारात थांबली, बैलांनी माना टाकल्या, आणि सोनाकाकू खाली उतरली ती मांडीवरचं गाठोडं छातीशी धरूनच. लोकांना वाटलं लेकरू आहे. आईनं तर पाण्याचा तांब्या अन् भाकरतुकडा ओवाळायला आणला. काकूनं गोधडी सोडली तर आत काळं कुळकुळीत, लांब मानेचं, अंगभर सोनेरी फुलं काढलेलं एक जनावर. आईनं हातात आलेला भाकरतुकडा मग त्याच्यावरूनच ओवाळून टाकला. टाकायचा कुठं तरी होताच.

सोनाकाकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. चुलते हैदराबादेत एका शिंप्याच्या दुकानात शिवायला होते. तिथल्या तापात ते चार दिवसांत गेले, आणि मागं काकू राहिली अन् ही हातानं फिरवायची मशीन राहिली. काकूला पोरबाळ नव्हतं. तिचा थोरला भाऊ भीमामामा जनवाड्याचा; त्याच्या घरी सात पोरं, आठवं वाटेवर, अन् बायको सदाची आजारी. त्याला घरात दळायला, शेण काढायला, पोरांची नाकं पुसायला माणूस पाहिजेच होतं. त्यानं काकूला न्यायला गाडी जुंपलीही होती. पण काकू म्हणाली, मी सासरी जाते, शिवून खाते. मामा संतपूरला आला, माझ्या वडलांपुढं, म्हणजे अप्पांपुढं बसला, आणि दोघांनी असं ठरवलं की मशीन चालायलीय तोवर सोनी इथं राहील. शिवण्याच्या बदल्यात लोक जे जोंधळे-तूर देतील त्यात तिचं भागेल. ज्या दिवशी मशीन बंद पडेल त्या दिवशी मामा गाडी घेऊन येईल. काकू दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. त्या काळी बाईला विचारायची पद्धत नव्हती, अन् मशीनला विचारायची तर अजूनही नाही.

माझं वय तेव्हा तेरा असेल. माझ्या जोडीच्या पोरी सासरी नांदत होत्या. मी बुटकी होते म्हणून अजून कुणाच्या नजरेस पडले नव्हते. काकू आली अन् माझे दिवस पालटले. सकाळी आईचं जातं थांबलं की पडवीत काकूची मशीन सुरू व्हायची. जात्याचा आवाज जाड, झोपाळू. मशीनचा बारीक आणि घाईचा, जणू कुणी गावभराची चुगली एका दमात सांगतंय. काकू उजव्या हातानं चाक फिरवायची, डाव्यानं कापड सरकवायची, आणि मी समोर बसून सुई खाली जाऊन वर येताना आतून धागा कसा घेऊन येते ते बघत बसायची. किती दिवस बघितलं? भाकरी करपायच्या तितके दिवस. आई म्हणायची, "गोदे, तव्याकडं बघ की! त्या मिशीनीत काय तुझा नवरा बसलाय का?" मी म्हणायची, "नवरा न्हाई आई, खाली एक बारकी होडी हाय. ती धाग्याच्या फासातून जायलीय." आई कपाळावर हात मारायची. काकू मात्र चाक थांबवायची, झाकण सरकवायची आणि ती होडी मला हातात द्यायची. हैदराबादेहून आलेली माणसं अशी, वस्तू हातात देतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तेल. हैदराबादेत चुलते मशीनला चोच असलेल्या एका डबीतून तेल घालायचे. काकूनं ते बघितलं होतं. कोणतं तेल ते तिला ठाऊक नव्हतं. डबी आली ती रिकामी आली. काकू म्हणाली, "दाजी, हिला आठ दिवसाला चार थेंब लागतेत. औरादच्या बाजारात मिळतंय का बघता का?" अप्पांना अपमान झाल्यासारखं वाटलं. आमच्या रानात करडी व्हायची; घाण्याहून आलेल्या तेलाचे दोन रांजण माजघरात कायम भरलेले. जवसाच्या चटणीला खळं करून त्यात अप्पा हे तेल ओतायचे, भाकरी बुडवायचे, मिशांना लागलेलं पुसायचे नाहीत, तिथंच मुरवायचे. आमच्या आज्याच्या गुडघ्याला हेच, लेकराच्या टाळूला हेच, बैलाच्या शिंगाला हेच. "तेलाला कामून बाजारात जायचं?" अप्पा म्हणाले. "आमचा आजा हे तेल खाऊन एकशेवीस वरसं जगला." आजा बासष्टाव्या वर्षी गेला होता, पण अप्पा भरात आले की आमच्या घराण्यातली माणसं पुन्हा जन्म घेऊन आणखी जगायची. मी त्यांच्यावरच गेलेय.

शनिवारी अप्पा वेशीवरच्या मारुतीला तेल घालून यायचे. वाटीत उरायचं ते परत आणायचं नाही असा त्यांचा नेम. मग ती वाटी मशीनला. आधी दोन थेंब, मग चार, मग वाटीच. अप्पा म्हणायचे, "घरात चाकरी करणारं जितराब हाय, त्याला कमी पडू द्यायचं न्हाई." आईनं बघितलं की अप्पांनी घातलं, तिलाही वाटायचं आपणही घालावं, कापूस पिळून सोनेरी फुलांवर ती रोज एक हात फिरवायची. भाऊ जाता येता घालायचा. मी तर घालायचीच. बोळकं घेऊन मशीनच्या पोटात जिथं जिथं भोक दिसेल तिथं. एवढी माया आमच्या घरात कुणाच्याही वाट्याला आली नव्हती. आम्हां भावंडांना एकत्र करूनसुद्धा नाही.

पावसाळ्यात मशीन जड झाली. काकू म्हणाली, चाकाला दम लागायलाय. अप्पांनी तेल वाढवलं. श्रावणात तिचा आवाज बदलला, चुगली सांगणारी बाई एकाएकी कीर्तनकार झाल्यासारखी सावकाश बोलायला लागली. अप्पांनी तेल आणखी वाढवलं. काकूनं दोन्ही हातांनी चाक फिरवायला घेतलं. मग मी चाक अन् काकू कापड. खंडेनवमीला आपल्याकडं औत, विळे, कुऱ्हाडी सगळं धुऊन-पुसून पुजायला मांडतात. त्या वर्षी अप्पांनी मधोमध मशीन मांडली. नांगर डावीकडं, कुऱ्हाडी उजवीकडं, आणि सकाळच्या उन्हात तिला असं अभ्यंगस्नान घातलं की तेल खालून गळून पाटाला थारोळं झालं. वर झेंडूची माळ. हळदी-कुंकू. दुपारभर ती तशी उन्हात न्हाऊन माखून बसली होती. एखाद्या नव्या नवरीला लाज वाटेल असं रूप. दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि चार दिवसांनी काकूनं कापड लावून चाकाला हात घातला तर चाक हललं नाही. मी हात घातला. भावानं घातला. अप्पांनी धोतराचा काचा मारून घातला, तेव्हा चाक हललं नाही, पाटासकट अप्पा हलले.

 काकूनं कापड काढून घडी घातली.

ती बातमी जनवाड्याला पोचायला किती वेळ लागावा? आज तुमचे फोन आहेत. माझा नातू म्हणतो, आजी, एका क्षणात अमेरिकेला निरोप जातो. मी म्हणते, बाबा, आमच्या औरादच्या बाजारात नुसतं शिंकलं तर बिदरात माणूस रुमाल काढायचा. तिसऱ्या दिवशी मामाचा निरोप आला: "सोनीला म्हणावं, आवरून ठिव. शुक्रवारी गाडी घिऊन येतो." त्या दिवशी सोमवार होता.

आईनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, कारण एवढी बघायला आलेली माणसं, नजर लागणारच. मिरच्यांचा ठसका आम्हां सगळ्यांना आला, मशीनला नाही. शेजारणी म्हणाल्या, शहराची चीज, तिला इकडचं पाणी सोसलं नसेल. शेवटी अप्पा मंगळवारी औरादेहून मस्तानचाचाला गाडीत घालून घेऊन आले. मस्तानचाचा म्हणजे सायकली, कुलपं, छत्र्या अन् कंदील यांचा हकीम. दाढी मेंदीनं लाल, चष्म्याला एका बाजूला दोरी. तो मशीनपुढं बसला, तिला टिचकी मारली, कान लावला, आणि एखाद्या घरच्या माणसाला बाजूला घेऊन सांगावं तसं अप्पांना म्हणाला, "तेल डाले सो?"

"डाले म्हंजे?" अप्पा म्हणाले. "शेरानं घातलंय!"

"फिर तेल का कसूर नै." चाचानं मान हलवली. "अंदर का दिल बैठ गया, साब. मेरे कने छोड़ो, दो म्हैने लगते."

"दोन म्हैने!" काकू दाराआडून म्हणाली. तेवढंच.

मी तोवर चाचाच्या पिशवीत हात घातला होता. त्यात एक चोचीची डबी होती. "चाचा, हे काय?"

"सायकल का तेल है, बेटी. कैकू, पीती क्या?" असं म्हणून हसत त्यानं अत्तराच्या रिकाम्या कुपीत दोन बोटं तेल ओतून मला खेळायला दिलं. मी बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, बोटावरून पळालं. एवढं पाणचट तेल! मला त्याची कीव आली. आमच्या तेलाचं एक बोट दिवसभर वास देतं.

बुधवारी सकाळी मी विहिरीवर गेले. पाऊस सरला होता, रब्बीला पाणी द्यायचे दिवस. अप्पांनी मोट खाली काढली होती. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची भली मोठी पिशवी. ती पाण्यात कुजू नये म्हणून दरवर्षी या दिवसांत तिला करडीचं तेल पाजायचं आणि उन्हात टाकायचं. पुन्हा पाजायचं, पुन्हा टाकायचं. चार-आठ दिवसांत तेल चामड्यावर वाळतं, तपकिरी काचेसारखी साय धरते, आणि मग पाण्याचा थेंब आत जात नाही. हे मी जन्मल्यापासून बघत आले होते. त्या दिवशी भाकरी घेऊन गेले तर अप्पा मोटेवर बोट ओढून बघत होते. "बघ गोदे," ते खुशीत म्हणाले, "कसं घट्ट बसलंय! आता बारा बैल लावले तरी निघायचं न्हाई."

मी तिथंच खाली बसले. भाकरीचं फडकं माझ्या हातातून सुटलं. मशीनच्या चाकाच्या कडेला, सुईच्या दांड्यावर, त्या होडीच्या घरात, सगळीकडं हीच तपकिरी साय मी बघितली होती, नखानं खरवडलीही होती, आणि मला वाटत होतं तो तिचा रंग आहे.

"अप्पा," मी म्हटलं, "आपण मिशीनीची मोट केली."

अप्पांना ते कळायला जितका वेळ लागला तितक्यात एक कावळा येऊन अर्धी भाकरी घेऊन गेला. मग त्यांनी मोटेकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं. शेरभर तेल पाजलेला तो हात. एवढा मोठा माणूस, तीन गावच्या भांडणात पंच म्हणून बसणारा, पण चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे रडतील. ते म्हणाले, "मग आता?"

"तुमच्या हाताला मोटेचं तेल वाळतंय ते कशानं काढता?"

"ग्यासच्या तेलानं." म्हणजे घासलेट. आमच्या निजामी मुलखात त्याला ग्यासचं तेल म्हणत.

मी पळत सुटले. त्या दिवशी मी वाटेत काटे, बांध, एक झोपलेली म्हैस आणि बहुधा एक ओढा ओलांडला. घरी येऊन काकूला म्हटलं, "काकू, मी मिशीन उघडू का?"

काकू गाठोडं बांधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला परत जोडता येईल?"

"ठाव न्हाई."

तिनं गाठोड्यातून छोटा पेचकस काढून माझ्या हातात दिला. "उघड," ती म्हणाली. "बंदच तर हाय."

आता माझी युक्ती सांगते. यंत्र उघडणं कुणालाही येतं. कुठला स्क्रू कुठला होता ते आठवणं हेच खरं काम. मला लिहिता-वाचता येत नव्हतं तेव्हा. पण रांगोळी येत होती. मी पडवीत सारवलेल्या जमिनीवर ठिपके काढले, सात ओळी सात ठिपके, आणि पहिला स्क्रू पहिल्या ठिपक्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. दोन स्क्रू एकाच भागाचे असतील तर त्यांच्यामध्ये रेघ. डावीकडून निघाला तर रेघ डावीकडून. सुईचा दांडा निघाला तिथं मी कमळ काढलं, होडीच्या जागी पान. चाक निघायला काकूनं अन् मी दोघींनी ताणलं तेव्हा एक सुटा आवाज झाला, जणू कुणाची तरी दाढ निघाली. दुपार होईतो माझ्यापुढं उभी मशीन नव्हती, आडवी रांगोळी होती. पुढं मी या भागातली घड्याळं उघडली, स्टोव्ह उघडले, रेडिओ उघडले, एका तलाठ्याच्या मोटारसायकलीचं तर पोटच उघडलं. पण रांगोळी काढल्याशिवाय कधी पेचकसाला हात लावला नाही. माझ्या नातवाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, आजी, आता आत स्क्रूच नसतात. बिचारे. तुम्ही उघडणार तरी काय?

काकू घासलेट आणायला शेजारी गेली. मी पाणी प्यायला आत गेले. तांब्याला तोंड लावलं एवढाच वेळ. बाहेर आले तर रांगोळीच्या मधोमध तहसीलदार उभा.

तहसीलदार हा आमचा कोंबडा. लाल, उंच, तुरा एका डोळ्यावर आलेला. सकाळी तो आरवायचा तर हुकूम सुनावल्यासारखा. अप्पांचा तो जीव की प्राण. जेवताना अप्पा आपल्या भाकरीचा पहिला तुकडा त्याला टाकायचे, अन् तो आधी चोच वाकडी करून बघायचा, मग घ्यायचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. त्यानं मान वर केली, गिळलं, आणि शांतपणे पडवीतून उतरून गेला. मी ठिपके मोजले. कमळाच्या पाकळीवरचा एक रिकामा होता. सुई धरून ठेवायचा बारका स्क्रू. तो नाही तर सुई नाही, अन् सुई नाही तर बाकी सगळं नुसतं भंगार.

मी कुणाला सांगितलं नाही. का, ते आज सांगते, आता अप्पा नाहीत. सांगितलं असतं तर अप्पा म्हणाले असते, थांब, आपोआप बाहेर येईल. मला मात्र ठाऊक होतं, कोंबडीच्या पोटात दाणे दळायची एक जाड पिशवी असते, आणि खडे, काच जे जाईल ते तिथंच ठाण मांडतं. शिवाय दोष माझा होता. मी त्या रिकाम्या ठिपक्यावर वालाचा एक दाणा ठेवला, काकूला म्हटलं, "तो स्क्रू मी डबीत ठिवलाय," आणि आम्ही दोघी कामाला लागलो. घासलेटात भिजवलेल्या भागांवरून ती साय काकवीसारखी तार धरत सुटायला लागली. खालून असं पांढरं, चकचकीत लोखंड निघालं की काकूचा हात थांबला. "तुझ्या काकांच्या वेळेला अशी दिसायची," ती म्हणाली. गुरुवारी दुपारी मी कमळापासून उलटं मागं येत येत सगळं जोडलं, जोडतानाच मस्तानचाचाच्या कुपीतलं ते पाणचट तेल थेंब थेंब घातलं, आणि चाकाला एक बोट लावलं. चाक फिरलं. बोट काढलं तरी फिरत राहिलं. मी खरं सांगते, ते संध्याकाळपर्यंत फिरत होतं. फक्त सुई नव्हती.

जेवायला बसलो तेव्हा मी विषय काढला. "आई, उद्या मामा येणार. काय करायलीस?"

"वरण, भाकर, अंबाडीची भाजी."

"आन् कोंबडा?"

अप्पांचा घास थांबला. "कोंबडा कामून?"

"आपण जनवाड्याला गेलो तवा मामांनी कापला व्हता की."

"व्हय, कापला व्हता. म्हातारा. दोन दिस शिजत व्हता. दात लागंना त्याला." अप्पा म्हणाले. "कापायचीच तर ती पांढरी कोंबडी कापा."

"ती अंड्यावर बसलीय," आई म्हणाली. देव तिचं भलं करो.

"राहू दे मग, भाजीच कर," मी म्हटलं. "मामा तसं बोलत व्हते म्हणे औरादच्या बाजारात. संतपूरची माणसं बोलून गोड, पण पानात काय न्हाई." हे मामा कधीही बोलला नव्हता. मामा साधा माणूस. त्याला एवढं लांब वाक्य येतच नव्हतं.

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. तहसीलदार उंबऱ्याशी उभा होता, तुकड्याची वाट बघत. अप्पांनी त्याला त्या दिवशी अर्धी भाकरी टाकली. मग उठले, बैलांकडं गेले, आणि तिकडूनच म्हणाले, "कापा. पाव्हणा काय म्हणंल."

शुक्रवारी सकाळी अप्पा रानात निघून गेले. शेजाऱ्यानं कोंबडा कापला, आणि साफ करायला मी हट्टानं बसले. मागच्या अंगणात, काकू पाणी ओतायला. ती जाड पिशवी मी विळीवर धरली आणि चिरली. आत जोंधळ्याचे चार दाणे, तीन खडे, निळ्या बांगडीचा एक तुकडा, आणि खड्यांनी घासघासून असा उजळलेला स्क्रू की दुकानातही तो एवढा नवा नसेल.

पाण्याची धार थांबली.

"गोदे," काकू म्हणाली. "हे कवापासून आत हाय?"

"परवापासून."

"दाजींला ठाव हाय?"

"न्हाई."

काकूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला वाटलं रडायलीय. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मग तोंडातून बोळा सुटला आणि असं हसू बाहेर पडलं की चुलीपुढून आई पळत आली. चुलते गेल्यापासून काकू हसलेली मी बघितली नव्हती. तिला श्वास घेता येईना. आई मला म्हणाली, "काय केलंस गं तिला?" मी म्हटलं, "काही न्हाई, कोंबडा साफ करायलेय." काकूनं स्क्रू धुतला, पदराला पुसला आणि आत गेली.

मामा दुपारी आला. गाडी दारात सोडली, बैलांना कडबा टाकला, पाय धुतले. भीमामामा म्हणजे सहा फूट उंच अन् तेवढाच गप्प. अप्पा त्याच्या शेजारी बसले, दोघांपुढं ताटं आली. रस्सा असा जमला होता की त्याचा लाल तवंग आठवून आजही मला ठसका लागतो. अप्पांनी मात्र नुसती भाजी घेतली. दाढ दुखायलीय म्हणाले. मामानं दोन भाकरी संपवल्या, तिसरी मोडली आणि आत बघून मोठ्यानं म्हणाला, "सोने, आवरलीस का? मिशीन गाडीत फुडं ठिवायची का मागं?"

 आतून आवाज आला. बारीक, घाईचा, एका दमात गावभराची चुगली सांगणारा. थांबला. पुन्हा सुरू झाला. मामाचा हात ताट अन् तोंड यांच्यामध्ये राहिला. अप्पा ताटातल्या भाजीकडं बघत राहिले, पण त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

आवाज थांबला आणि काकू बाहेर आली. गळ्यात मापाची फीत. डोक्यावरचा पदर नीट. ती सरळ मामापुढं येऊन उभी राहिली.

"उठ," ती म्हणाली.

"जेवायलोय की मी."

"उठ, भीमा."

मामा उठला. हात रश्श्यानं भरलेले, ते कपड्याला लागू नयेत म्हणून त्यानं दोन्ही हात वर धरले. काकूनं टाचा उंचावून त्याच्या छातीला फीत गुंडाळली, खांदे मोजले, बाहीची लांबी मोजली, प्रत्येक माप ओठातल्या ओठात म्हणत. मामा वर छपराकडं बघत उभा होता.  आईच्या हातात वाढायची पळी तशीच.

"बंडी का सदरा?" काकूनं विचारलं.

मामानं बराच वेळ विचार केला. "सदरा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "खिसा लाव."

"लावते. हात खाली कर. फुडल्या बाजाराला ये अन् घिऊन जा." तिनं फीत गुंडाळली. "आन् चालत ये. गाडी आणू नकोस."

मामानं तिच्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, दारातल्या गाडीकडं बघितलं. मग खाली बसला, ताट पुढं सरकवलं आणि आईला म्हणाला, "वहिनी, रस्सा वाढा."